समुपदेशकाचा नंबर कोण फिरवतं?

(अमेरिकेतल्या ब्लॅक कर्मचाऱ्यांना कंपन्या देत असलेल्या मानसिक आरोग्याच्या मदतीची चिकित्सा करणाऱ्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी घेतले आहेत.)

आवाज येतोय ना सगळ्यांना? ठीक.

सुरुवातीला शब्दाचं बोलून घेते. मराठी वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात. सभ्य शब्द आहे, संस्कृतातला आहे, कुणाला टोचत नाही. पण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात, आणि तो शब्द त्यांनी भांडून, अभिमानानं घेतलेला आहे. म्हणून मी आज ब्लॅक असंच म्हणणार. आपल्या घरात रंगावरून जे शब्द सहज तोंडातून जातात ते तुम्हाला माहीत आहेत, मला त्यांची उजळणी करायची नाही.

मी पुण्यात एका अमेरिकन कंपनीच्या एचआरमध्ये बरीच वर्षं होते. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. पुढच्या काही दिवसांत आमच्या मुख्यालयातून एक मेल आला. मजकूर असा की आम्ही आमच्या ब्लॅक सहकाऱ्यांच्या सोबत आहोत, त्यांच्या वेदना आम्हाला कळतात, आणि खाली एक टोल-फ्री नंबर आणि ध्यानधारणेच्या एका ॲपचं वर्षभराचं फुकट सभासदत्व. तो मेल आमच्याकडच्या हँडबुकात बसवायचं काम माझ्याकडे आलं. रात्रीच्या कॉलवर तिकडची एक ब्लॅक सहकारी होती, चांगली ओळख झाली होती. मी बावळटासारखं विचारलं, “तुम्ही लोक वापरताय का तो नंबर?” ती हसली. म्हणाली, “मीटिंगमध्ये ज्यांच्यासमोर मला तोंड सांभाळून बसावं लागतं, तसंच कुणीतरी तिकडून फोन उचलणार. मग तिथंही तोंड सांभाळायचं. माझे फुकटचे पंचेचाळीस मिनिटं गेले.”

आजचं व्याख्यान हे त्या एका वाक्याभोवतीच आहे, म्हणालात तरी चालेल.

आता, ‘सांस्कृतिक भान असलेली मदत’ असा एक शब्दप्रयोग तिकडे रूढ झालाय. म्हणजे समुपदेशकाला समोरच्याची भाषा, रीतभात, घर, धर्म, इतिहास यांची जाण हवी. कल्पना वाईट आहे का? मुळीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कंपन्यांच्या हातात पडल्यावर या कल्पनेतली ‘संस्कृती’ फुगत गेली आणि बाकीचं सगळं आटत गेलं. ब्लॅक कर्मचाऱ्याला जे दुखतंय ते त्याच्या संस्कृतीमुळे दुखतंय असा एक सूर त्यात शिरला. चर्च, गॉस्पेल संगीत, आजी, मोठं कुटुंब, ‘आमच्यात मनाचं दुखणं बोलत नाहीत’ अशा गोष्टींची यादी समुपदेशकाला अर्ध्या दिवसात शिकवायची, आणि झालं. पण ती सहकारी जे म्हणाली त्यात चर्च कुठं होतं? तिचं म्हणणं मीटिंगबद्दल होतं.

अविश्वासाचं आधी बघू, कारण ‘ते लोक मदत घ्यायला कचरतात’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असतं आणि तिथंच थांबतं. का कचरतात? १८५१ मध्ये लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक नवा मानसिक आजार जाहीर केला. नाव ‘ड्रेपटोमेनिया’. लक्षण काय, तर गुलामाला पळून जावंसं वाटणं. उपायांत चाबूकही होता. तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट. बरं, पुढं या. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे सहाशे ब्लॅक पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, आणि पेनिसिलिन मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही, रोग कसा वाढतो ते बघत बसले. १९७२ म्हणजे इकडे महाराष्ट्रात दुष्काळ पडत होता आणि मुंबईत दलित पँथर उभी राहत होती ते वर्ष. एवढं जवळचं.

मनोविकाराच्या बाबतीत जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘द प्रोटेस्ट सायकोसिस’ हे पुस्तक वाचण्यासारखं आहे. मिशिगनमधल्या आयोनिया इथल्या सरकारी मनोरुग्णालयाची जुनी कागदपत्रं त्यानं चाळली. स्किझोफ्रेनिया हे निदान आधी बऱ्याच अंशी गोऱ्या, शांत, घरातल्या बायकांना वगैरे चिकटवलं जाई. १९६० नंतर, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, ते ब्लॅक पुरुषांकडे सरकलं. निदानाच्या अधिकृत पुस्तकाची १९६८ ची आवृत्ती निघाली, तिच्यात वर्णनाची भाषा शत्रुत्व, आक्रमकपणा अशी झाली होती. १९७४ मध्ये एका औषधाची जाहिरात व्यावसायिक नियतकालिकात छापून आली, त्यात मूठ आवळलेला, रागावलेला ब्लॅक पुरुष, शहराच्या रस्त्यावर. म्हणजे राग हेच लक्षण. आता सांगा, ज्या माणसाला ऑफिसात ‘तू जरा ॲग्रेसिव्ह वाटतोस’ असं रिव्ह्यूमध्ये लिहून मिळालंय, तो त्याच कंपनीनं नेमलेल्या समुपदेशकाकडे जाऊन ‘मला फार राग येतो’ असं म्हणेल का? मी तरी म्हणणार नाही.

तेव्हा या कचरण्याला फक्त ‘सांस्कृतिक संकोच’ म्हणू नका. त्यात हिशोबी शहाणपणही आहे.

बरं, दुखणं काय आहे? चेस्टर पियर्स नावाचे ब्लॅक मानसोपचारतज्ज्ञ हार्वर्डमध्ये होते. १९७० मध्ये त्यांनी ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हा शब्द दिला. आज हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की एचआरच्या स्लाइडवर तो पाहिला की मलाच जांभई येते. पण पियर्स यांचा रोख साचण्यावर होता. एक बोचकारा काहीच नसतो. लिफ्टमध्ये कुणी पर्स घट्ट धरली, कुणी दुसऱ्याच ब्लॅक सहकाऱ्याच्या नावानं हाक मारली, कुणी ‘किती छान इंग्रजी बोलतेस’ म्हणालं, तेही अटलांटात जन्मलेल्या बाईला. यातली एकही गोष्ट तक्रार करण्याजोगी नाही. तक्रार केलीत तर तुम्ही चिडके ठरता. आणि प्रत्येक वेळी मनात एक छोटा खटला चालतो, हे मुद्दाम होतं की मीच जास्त बघतोय? त्या खटल्याला लागणारी शक्ती कुठल्याच टाइमशीटमध्ये येत नाही.

इथं मला एक गोष्ट सांगायचीच आहे, थोडा वेळ गेला तरी चालेल. शर्मन जेम्स नावाचे ब्लॅक साथरोगतज्ज्ञ. १९७८ च्या सुमारास ते नॉर्थ कॅरोलायनात एका निवृत्त ब्लॅक शेतकऱ्याची मुलाखत घ्यायला गेले. हा माणूस १९०७ चा, अत्यंत गरीब घरातला, वाट्यानं शेती कसणाऱ्यांच्या पिढीतला. शाळा जवळजवळ नाहीच, लिहायला वाचायला स्वतः शिकला. वाट्याच्या शेतीत माणूस कायम कर्जात राहावा अशीच व्यवस्था होती, आपल्याकडच्या सावकारीसारखी. त्या व्यवस्थेतून तो केवळ ढोरमेहनतीनं बाहेर पडला आणि चाळिशीला स्वतःच्या पंचाहत्तर एकरांचा मालक झाला. केवढी कर्तबगारी! आणि साठीच्या आत काय? उच्च रक्तदाब, सांधेदुखी, आणि पोटाचा अल्सर इतका वाईट की जठराचा चाळीस टक्के भाग काढून टाकावा लागला. मुलाखत रंगलेली असताना त्याच्या बायकोनं जेवायला हाक मारली आणि जेम्स चमकले, कारण त्याचं नाव होतं जॉन हेन्री. जॉन हेन्री हा ब्लॅक लोककथेतला नायक, पोलादी हातोडा चालवणारा मजूर. वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, पैज जिंकतो आणि हातातला हातोडा न सोडता तिथंच मरून पडतो.

जेम्स यांनी मग ‘जॉन हेन्रीझम’ नावाची कल्पना मांडली आणि १९८३ पासून तिच्या मोजणीवर काम केलं. साधनं तुटपुंजी, अडथळे मोठे, आणि तरी दुप्पट जोर लावून रेटत राहायचं, या सवयीची किंमत शरीर मोजतं. ब्लॅक घरांत मुलांना ‘तुला त्यांच्यापेक्षा दुप्पट चांगलं काम करावं लागेल’ असं सांगतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आपल्याकडेही वस्तीतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या घरात हे वाक्य वेगळ्या शब्दांत असतंच.

आता ही गोष्ट डोक्यात ठेवा आणि कंपनीचं वेलनेस ॲप उघडा. ते काय सांगतं? लवचीक व्हा. चिवट व्हा. ‘रेझिलियन्स’ वाढवा. अहो, जॉन हेन्रीला चिवटपणा शिकवताय? त्याला चिवटपणाचंच अजीर्ण झालंय! माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमांतली ही सर्वांत मोठी चूक, आणि ‘सांस्कृतिक भान’ असा शिक्का मारलेले कार्यक्रमसुद्धा ती करतात, फक्त पार्श्वसंगीत बदलून. ब्लॅक स्त्रीच्या कणखरपणाचे गोडवे गाणारी पोस्टरं मी स्वतः मंजूर केली आहेत. तेव्हा छान वाटली होती.

हे असं का होतं, हे कळायला या मदतीचा जन्म पाहायला हवा. एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम, म्हणजे ईएपी, याची मुळं अमेरिकेत १९४० च्या दशकात आहेत. ड्यूपाँ, ईस्टमन कोडॅक अशा कारखान्यांनी दारूडे कामगार सुधारावेत म्हणून काही योजना सुरू केल्या. चांगला कामगार, दारूमुळे वाया चाललाय, त्याला ताळ्यावर आणा आणि परत यंत्रावर उभा करा. त्या कामापुरती ती रचना ठीकच होती. पुढं तिच्यात नैराश्य, घटस्फोट, कर्ज सगळं आलं, पण साचा तोच राहिला. बिघाड माणसात, दुरुस्ती माणसाची, काही मोजक्या बैठका, आणि परत यंत्रावर. यंत्राकडे बघायची सोयच या साच्यात नाही. फोनवरच्या समुपदेशकाला समजा एकाच मॅनेजरच्या हाताखालच्या पाच जणांनी तेच सांगितलं, तरी गोपनीयतेमुळे त्यानं ते कुणाला सांगायचं नाही, आणि बरोबरच आहे ते. पण मग ती माहिती जाते कुठं? कुठंच नाही.

याचा पुरावाही आहे. विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डच्या संशोधकाचा अभ्यास २०२४ मध्ये आला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. म्हणजे हा ब्लॅक कर्मचाऱ्यांपुरता नाही, सगळ्यांचा आहे. ॲप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यान, असले व्यक्तीला धरून केलेले उपाय घेणाऱ्यांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा बरी दिसली नाही. स्वयंसेवी काम करायला मिळणं हा तेवढा एक अपवाद. सगळ्यांसाठीच ही गत, तर ज्याच्या ताणाचं मूळच ऑफिसच्या रचनेत आहे त्याला ॲपनं काय मिळणार?

आणि समजा कुणी धाडस करून बाहेर थेरपिस्ट शोधायला निघालंच. हेदर कूगलमास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ३२० मानसोपचारकांना फोनवर निरोप ठेवले. आवाज, नाव, बोलण्याची ढब यांवरून समजेल की बोलणारा ब्लॅक की गोरा, मध्यमवर्गीय की कामगार. विमा सगळ्यांचा सारखा. मध्यमवर्गीय गोऱ्यांना वेळ देऊ करणारे फोन मध्यमवर्गीय ब्लॅक लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त आले. कामगार वर्गाच्या वाट्याला तर, गोरा असो की ब्लॅक, फारच थोडे. ज्या व्यवसायाचं कामच ऐकून घेणं, त्याच्या दारातच ही चाळणी. अमेरिकेत ब्लॅक लोक तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि मानसशास्त्रज्ञांत त्यांचं प्रमाण २०१५ च्या सुमारास चार टक्के होतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं ऑक्टोबर २०२१ मध्ये वंशवादातल्या आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. ब्लॅक मानसशास्त्रज्ञ त्याच असोसिएशनला वैतागून १९६८ मध्येच वेगळी संघटना काढून मोकळे झाले होते. त्रेपन्न वर्षं लागली.

तर मग उपाय काय, ब्लॅक माणसाला ब्लॅक समुपदेशक द्या? इथं जरा सावकाश जाऊ, कारण उत्तर सरळ नाही. कॅब्राल आणि स्मिथ यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. लोकांना आपल्यातला थेरपिस्ट आवडतो, हे दिसलं. पण उपचाराच्या परिणामात एकूण फरक जवळजवळ नाही. अपवाद ब्लॅक अमेरिकनांचा, त्यांच्यात थोडा फायदा दिसला. थोडाच, पण दिसला. त्याआधी ग्रिनर आणि स्मिथ यांनी २००६ मध्ये ७६ अभ्यास तपासले होते. समाजगटाला अनुसरून बदललेले उपचार उपयोगी पडतात, आणि एकाच विशिष्ट गटासाठी नीट बेतलेले उपचार सरमिसळ गटासाठीच्या उपचारांपेक्षा साधारण चौपट परिणामकारक. माणसाच्या मायबोलीत केलेले उपचारही दुप्पट परिणामकारक. हे वाचून मला आपली आठवण झाली, इंग्रजीतून नैराश्य सांगणारी आपली मुलं. असो.

म्हणजे ‘सांस्कृतिक भान’ ही पोकळ गोष्ट नाही, हे मी कबूल करते. ते कशात असतं ते मात्र नीट पाहिलं पाहिजे. एक उदाहरण देते. सीबीटी नावाची पद्धत बहुतेक ईएपींमध्ये वापरतात. तिचा एक ठरलेला डाव आहे. तुमच्या मनात विचार आला, ‘बॉस मला मुद्दाम डावलतो’. समुपदेशक विचारतो, याला पुरावा काय? दुसरं काही स्पष्टीकरण असू शकेल का? चिंतेच्या रुग्णाला हा प्रश्न वरदान आहे. पण ज्याला खरोखरच डावललंय त्याला हा प्रश्न कसा ऐकू येत असेल? तोच तो मनातला खटला, आता समुपदेशकाच्या तोंडून, शिवाय कंपनीच्या खर्चानं. पामेला हेज यांच्यासारख्या, या पद्धतीला सांस्कृतिक भान देणाऱ्या तज्ज्ञांचं म्हणणं असं की इथं विचार खरा की खोटा यावर वाद घालू नका, आधी अन्याय मान्य करा, मग हा विचार तुम्हाला पुढं न्यायला मदत करतो का ते बघा. बदल म्हटला तर एवढासा. पण हे करायला गॉस्पेल संगीत माहीत असावं लागत नाही. समोरचा खरं बोलत असेल, हे गृहीत धरता यावं लागतं.

१९९८ मध्ये टर्वालोन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी ‘सांस्कृतिक पारंगतता’ या शब्दाऐवजी ‘सांस्कृतिक नम्रता’ सुचवली. दुसऱ्याच्या संस्कृतीत कुणी पारंगत होत नसतो, प्रमाणपत्र घेऊन तर नाहीच. शिकत राहायचं, आणि सत्तेचा असमतोल डोळ्यांआड करायचा नाही, आणि संस्थेलाही जाब विचारायचा. त्या लेखातला हा शेवटचा भाग कंपन्यांनी सोयीस्करपणे गाळला. नम्रता घेतली, जाब सोडला.

जाब म्हणजे काय? केस घ्या, साधे डोक्यावरचे केस. अलाबामातल्या मोबाइल शहरात २०१० मध्ये एका ब्लॅक तरुणीला मिळालेली नोकरी परत काढून घेतली, कारण तिनं ड्रेडलॉक्स कापायला नकार दिला. प्रकरण अपील न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये ती हरली. न्यायालयाचं म्हणणं, केशरचना ही बदलता येण्यासारखी गोष्ट आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं ‘क्राउन’ कायदा करून अशा भेदभावाला बंदी घातली, मग इतर अनेक राज्यांनी. आता मला सांगा, रोज सकाळी आरशासमोर ‘आज हे केस चालतील का’ असा विचार करणाऱ्या बाईसाठी जास्त मोठी मानसिक आरोग्य मदत कुठली? श्वासाचे व्यायाम, की ड्रेस कोडमधलं ते एक कलम खोडणं? समुपदेशकाच्या खोलीबाहेर घडणाऱ्या अशा गोष्टी मदत म्हणून कुणी मोजतच नाही.

झेरॉक्सचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. रॉचेस्टर हे झेरॉक्सचं गाव. १९६४ मध्ये तिथं मोठी वांशिक दंगल झाली, त्यानंतर कंपनीनं ब्लॅक लोकांना नोकऱ्या द्यायला सुरुवात केली. १९७० च्या आसपास त्या कर्मचाऱ्यांनी आपले गट बांधले. रात्री कुणाच्या तरी घरी जमायचे. विक्री विभागातल्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जे इलाके देतात ते मुळातच कमी धंद्याचे आहेत. म्हणजे एकटा एकटा असताना प्रत्येकाला वाटत होतं, आपणच कमी पडतोय. चार जण वह्या घेऊन बसले तेव्हा कळलं, नकाशाच वाकडा आहे! मला विचाराल तर त्या बैठकीसारखी थेरपी नाही. ‘माझ्यात खोट आहे’ हे ओझं एका संध्याकाळी उतरलं, आणि पुढं इलाके बदलून घेण्यासाठी ते भांडले. त्याच झेरॉक्सच्या प्रमुखपदी २००९ मध्ये अर्सुला बर्न्स आल्या, फॉर्च्यून ५०० यादीतल्या कंपनीच्या पहिल्या ब्लॅक महिला प्रमुख.

आज अशा गटांना ‘एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप’ म्हणतात. त्यांना बजेट असतं, फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो, पाहुणे, जेवण. आणि गट चालवणाऱ्या दोन-तीन बायका हे सगळं आपलं काम सांभाळून, बिनपगारी करतात, शिवाय गोऱ्या सहकाऱ्यांना वंशवाद समजावून सांगण्याची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात. मदतीसाठी काढलेली गोष्टच थकवणारी झाली. वह्या घेऊन नकाशा तपासायचं काम मात्र कुणी सांगत नाही.

कॅलेव्ह, डॉबिन आणि केली यांनी २००६ मध्ये ७०८ खासगी आस्थापनांची अनेक वर्षांची माहिती तपासली. विविधतेचं प्रशिक्षण सर्वांत कुचकामी. कुणा एका अधिकाऱ्यावर, समितीवर नक्की जबाबदारी टाकली तिथं फरक पडला. हा अभ्यास मानसिक आरोग्याचा नाही, बढत्यांचा आहे, पण माझ्या दृष्टीनं ते दोन विषय इतके वेगळे नाहीत.

आणि आता हे सगळं का बोलायचं? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी विविधता कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले. त्याआधीच, जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या विद्यापीठ प्रवेशाच्या निकालानंतर, अनेक कंपन्यांनी पाय मागं घ्यायला सुरुवात केली होती. नावं बदलली, पानं काढून टाकली. २०२० मध्ये पोस्टर होऊन जे आलं ते पोस्टरासारखंच उतरलं. विमा कुठल्या थेरपिस्टला मान्यता देतो, तक्रार कोण ऐकतो, कामाचं वाटप कोण तपासतो, हे ज्यांनी नियमांत बसवलं होतं त्यांच्याकडे ते उतरवायला निदान कुणाला तरी सही करावी लागते.

आपला यात काय संबंध, असं कुणी विचारेल. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. पँथर हे नावच तिकडून आलं. हा अभिमान आपण सभांतून बाळगतो. आणि त्याच वेळी न्यू जर्सीत, डॅलसमध्ये आपली मुलं टीम लीड आहेत, त्यांच्या हाताखाली ब्लॅक कर्मचारी आहेत, आणि ‘तो जरा ॲग्रेसिव्ह आहे’ हे वाक्य रिव्ह्यूमध्ये मराठी हातांनीही लिहिलं जातं. मी पुण्यात बसून असे रिव्ह्यू वाचलेत.

प्रश्नांकडे वळू.

प्रश्न: म्हणजे समुपदेशन निरुपयोगी आहे असं तुमचं मत आहे का?

नाही, नाही. तसं कुणी समजू नका. ज्याला झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, त्याला नकाशा बदलेपर्यंत थांबा असं सांगणं हा गुन्हा आहे. त्याला आज, आत्ता माणूस हवा. माझं म्हणणं एवढंच, की तो माणूस निवडता आला पाहिजे. कंपनीनं ईएपीचा ठेका देताना विचारावं, तुमच्या यादीत ब्लॅक समुपदेशक किती? त्यातले नवीन माणूस घ्यायला मोकळे किती? पहिला पटला नाही तर दुसरा किती दिवसांत मिळेल? ठरलेल्या बैठका संपल्यावर तोच समुपदेशक विम्यातून पुढं चालू ठेवता येतो का, की परत पहिल्यापासून सगळं सांगायचं? मी हे प्रश्न त्या वेळी विचारले नाहीत. मी किंमत विचारली होती. आणि कंपनीबाहेर ब्लॅक लोकांनी स्वतः उभं केलेलंही बरंच आहे. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ बघा, तिथं थेरपिस्टांची यादीच मिळते. चर्चमधल्या बायकांची मंडळं तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

प्रश्न: मी टेक्सासमध्ये असतो. माझ्या टीममध्ये एक ब्लॅक मुलगी आहे, हल्ली गप्प गप्प असते. मी तिच्याशी या विषयावर बोलू का? उलटं काही व्हायचं.

चांगला प्रश्न, दादा, आणि प्रामाणिक. ‘तुम्हा लोकांना कसं वाटतं ते सांग’ असं विचारायला जाऊ नका. तुमचं शिक्षण करणं हे तिचं काम नाही. ‘बरी आहेस ना, काही कमीजास्त करायचं आहे का कामात’ एवढं कुणालाही विचारता येतं, तेवढं विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ओढून धरू नका. त्याआधी मात्र एक काम एकट्यानं करा. गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाला कुठलं काम दिलं ते लिहून काढा. नजरेत भरणारं काम कुणाकडे गेलं, रात्रीचं निस्तरायचं काम कुणाकडे. मीटिंगमध्ये कुणाचं बोलणं मधेच तोडलं गेलं. आणि तुमचे जुने रिव्ह्यू काढून वाचा. स्टॅनफर्डमध्ये कोहेन, स्टील आणि रॉस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ब्लॅक विद्यार्थ्यांना नुसती टीका केली तर ती पूर्वग्रहातून आली असेल असं त्यांना वाटायचं, आणि नुसतं गोड बोललं तरी फार उपयोग नव्हता. पण ‘माझी कसोटी कडक आहे, आणि तू तिला उतरशील असं तुझं काम पाहून मला वाटतं’ असं सांगून तीच कडक टीका केली, तेव्हा ती टीका त्यांनी घेतली आणि कामाला लागले. हे तुम्हाला पुढच्याच रिव्ह्यूमध्ये करता येईल. फक्त ते वाक्य खरं असलं पाहिजे हं, तिचं काम खरंच वाचलेलं असलं पाहिजे. किती दिवस आहेत तुमच्या रिव्ह्यूला? तीन आठवडे? मग यादी आज रात्रीच करायला घ्या.